हार्डवुड निवडलंत, पण त्याच्या खाली काय?

नवं घर बुक केलं की बिल्डरच्या डिझाइन सेंटरमध्ये अर्धा दिवस जातो. भिंतीवर ओक, मेपल, हिकरीच्या फळ्यांचे नमुने ओळीने लावलेले असतात. फळी पाच इंच रुंद हवी की सात, रंग मधासारखा हवा की राखाडी, यावर घरात चांगली आठवडाभर चर्चा होते. पण फळीच्या खाली काय घालणार, याचा नमुना भिंतीवर कुठेच नसतो, आणि बहुतेक वेळा तो प्रश्न विचारलाही जात नाही.

गंमत अशी की जमीन पुढची वीस-तीस वर्षं कशी राहील, हे फळीच्या रंगापेक्षा तिच्या खालचे थर जास्त ठरवतात. फळ्यांत फटी पडणं, त्या वाटीसारख्या वाकणं, चालताना कुरकुर होणं, हिवाळ्यात पाय गारठणं, खालच्या मजल्यावर धपधप ऐकू येणं, या सगळ्या तक्रारींचं मूळ सहसा खालीच सापडतं. रंग नाही आवडला तर पुढे घासून दुसरा देता येतो. खालचा थर चुकला, तर सगळं सामान हलवून आख्खी जमीन उखडावी लागते. अमेरिकेत नव्या घराच्या वॉरंटीत कारागिरीच्या दोषांची मुदत बहुधा पहिल्या वर्षापुरतीच असते. लाकडी जमिनीचा खरा स्वभाव कळायला मात्र एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण हिवाळा जावा लागतो. म्हणून हे विज्ञान घर बांधलं जात असतानाच समजून घेतलेलं बरं.

लाकूड पाणी पीत राहतं

आपण शहाबादी फरशीवर नाहीतर मोझॅइकच्या टाइलवर वाढलो. आपल्या मनात जमीन म्हणजे अचल गोष्ट. लाकडाचं तसं नाही. पावसाळ्यात घरातलं दार फुगून चौकटीत अडकायचं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं व्हायचं, हे तुम्ही पाहिलं असेल. तुमची हार्डवुडची जमीन म्हणजे अशी शेकडो दारं एकमेकांना खेटून आडवी ठेवलेली.

झाड कापल्यावरही लाकडाच्या पेशींच्या भित्तिका हवेतली वाफ शोषत आणि सोडत राहतात. हवेची सापेक्ष आर्द्रता आणि तापमान ठरावीक राहिलं, तर लाकडातलं पाणीही हळूहळू एका ठरावीक प्रमाणावर येऊन थांबतं. या प्रमाणाला समतोल आर्द्रता म्हणतात. 21 अंश सेल्सियसला, म्हणजे आपल्या घरातल्या नेहमीच्या तापमानाला, हे आकडे साधारण असे आहेत: हवेत 20 टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साडेचार टक्के पाणी, 50 टक्के असेल तर सुमारे 9 टक्के, 80 टक्के असेल तर 16 टक्के, आणि 90 टक्क्यांना 20 टक्क्यांहून थोडं अधिक.

आता अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या हिवाळ्याचा विचार करा. बाहेर शून्य अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता आहे. अशा एक घनमीटर हवेत जेमतेम 4 ग्रॅम वाफ असते. तीच हवा घरात येऊन 21 अंशांपर्यंत तापली की तिच्यात 18 ग्रॅम वाफ मावू शकते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता उरली 21-22 टक्के. ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात आणि फळीतलं पाणी साडेचार-पाच टक्क्यांवर येतं. जुलैमध्ये घरात 55 टक्के आर्द्रता असेल तर तीच फळी 10 टक्क्यांवर जाते.

या पाच टक्क्यांच्या फरकाने फळी किती हलते? विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे अमेरिकी सरकारची लाकडावर संशोधन करणारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. तिच्या ‘वुड हँडबुक’मध्ये प्रत्येक जातीच्या लाकडाचा गुणांक दिलेला आहे. नेहमीच्या पद्धतीने कापलेल्या रेड ओकसाठी तो दर टक्क्याला 0.00369 आहे. पाच इंच रुंदीची फळी घेतली तर 5 × 0.00369 × 5, म्हणजे 0.09 इंच. सुमारे सव्वादोन मिलिमीटर. सव्वादोन इंची पट्टीत हीच हालचाल जेमतेम एक मिलिमीटर होते, आणि सात इंची फळीत ती सव्वातीन मिलिमीटरवर जाते. सध्या फॅशन रुंद फळ्यांची आहे. दिसायला त्या सुंदर असतात यात वाद नाही, पण रुंदी वाढली की हिवाळ्यातली फट त्याच प्रमाणात वाढते, हे नमुना हातात घेतानाच लक्षात ठेवा.

जाता जाता, आपल्या सागाचा हाच गुणांक 0.00186 आहे, म्हणजे ओकच्या साधारण निम्मा. आजोबांच्या वाड्यातल्या सागवानी दारांची कीर्ती काही उगाच नव्हती.

चार थर, चार कामं

खालून वर येऊ. लाकडी सांगाड्याच्या अमेरिकी घरात सर्वांत खाली जॉइस्ट, म्हणजे तुळया असतात. त्यांच्यात बहुधा 16 इंचांचं अंतर असतं. तुळयांवर येतो सबफ्लोअर: साधारण पाऊण इंच जाडीचे प्लायवुडचे किंवा ओएसबीचे मोठे तक्ते. त्यावर एक पातळ थर, तो म्हणजे अंडरलेमेंट. आणि सर्वांत वर तुमची निवडलेली फळी. इन्सुलेशन लागत असेल तर ते बहुतेक वेळा सबफ्लोअरच्या खाली, तुळयांच्या मधल्या जागेत बसतं.

प्रत्येक थराचं काम वेगळं आहे. तुळया आणि सबफ्लोअर भार पेलतात आणि ताठपणा देतात. इन्सुलेशन उष्णता अडवतं. अंडरलेमेंट गरजेप्रमाणे वाफ रोखतं, नाहीतर आवाज कमी करतं. फळी दिसते आणि झिजते. गोंधळ होतो तो एका थराकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा ठेवल्यामुळे. “जाड पॅड घाला, म्हणजे ऊबही मिळेल, आवाजही जाईल आणि ओलही येणार नाही,” हा सल्ला याच गोंधळातून आलेला असतो.

जाड पॅडने ऊब मिळते का?

अमेरिकेत उष्णतारोधाचं माप आर-व्हॅल्यूमध्ये देतात. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता कमी निसटते. पाऊण इंची ओकची आर-व्हॅल्यू सुमारे 0.7 असते, तेवढ्याच जाडीच्या प्लायवुडची 0.9 च्या आसपास. फोमचा दोन-तीन मिलिमीटरचा पॅड यात फार तर अर्ध्याची भर घालतो. याउलट न तापवलेल्या जागेवरच्या जमिनीसाठी बांधकाम नियमावली हवामानाच्या पट्ट्यानुसार आर-19 ते आर-38 इतकं इन्सुलेशन मागते. दक्षिणेच्या उष्ण पट्ट्यांत ही अपेक्षा आणखी कमी असते. म्हणजे ऊब हे तुळयांमधल्या इन्सुलेशनचं काम आहे. पॅडकडून ती अपेक्षा ठेवणं म्हणजे रुमालाला गोधडी समजणं.

मग लाकडी जमीन टाइलपेक्षा उबदार का वाटते? आपण घरात अनवाणी चालणारी माणसं, तेव्हा हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा. सकाळी टाइल आणि लाकूड दोन्ही 20 अंशांवरच असतात. पण तळपाय टेकला की दोन पृष्ठभागांच्या मधलं तापमान किती होईल, हे त्या पदार्थात उष्णता किती झपाट्याने शिरते यावर ठरतं. 30 अंशांचा तळपाय ओकवर ठेवला तर संपर्काच्या जागी सुमारे 27 अंश होतात. घट्ट दगडावर ठेवला तर सुमारे 23. लाकूड तुमची उष्णता सावकाश घेतं, दगड ओढून घेतो. हा सगळा फळीच्या वरच्या काही मिलिमीटरांचा गुण आहे, त्यात खालच्या पॅडचा वाटा नगण्य.

पण सबफ्लोअर खालूनच गार पडत असेल, तर फळीचं तापमानच 15-16 अंशांवर जातं, आणि मग लाकूडही गार लागतं. गॅरेजवरच्या बेडरूममध्ये हा अनुभव फार जणांना येतो. तिथे इन्सुलेशन असतं, पण ते सबफ्लोअरला चिकटलेलं नसतं. मधल्या पोकळीत तुळयांच्या टोकांकडून गार हवा शिरते आणि इन्सुलेशनच्या वरून फिरते. गोधडी अंगावर न घेता पलंगाखाली अंथरण्यासारखंच हे झालं. म्हणून छत बंद होण्यापूर्वी दोन गोष्टी बघा: इन्सुलेशन सबफ्लोअरच्या तळाला नीट टेकलंय का, आणि कडेच्या फटी फोमने बुजवल्या आहेत का. गॅरेजच्या बाबतीत या फटी बुजवणं आरोग्यासाठीही गरजेचं आहे, कारण गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याच वाटेने वर येऊ शकतो.

बेसमेंट तापवलेलं असेल तर हिशोब बदलतो. तिथे इन्सुलेशन बेसमेंटच्या भिंतींना करायचं. वरच्या जमिनीखाली ऊब राखण्यासाठी त्याची गरज उरत नाही, आवाजासाठी घालायचं असेल तर गोष्ट वेगळी.

क्रॉल स्पेस: वारा खेळता ठेवावा का?

कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनिया या भागात अनेक घरं क्रॉल स्पेसवर उभी असतात. जमिनीपासून दोन-चार फूट उंचीची ही पोकळी, माणूस रांगत जाईल एवढीच. तिच्या भिंतींना झरोके ठेवण्याची पद्धत जुनी आहे. तर्क असा की वारा खेळता राहिला की ओल निघून जाईल. कोकणातल्या घराचं जोतं आठवलं तर आपल्यालाही ते पटतं.

पण एसीने या तर्काची दिशा उलटी केली. समजा, जुलैतली दुपार आहे. बाहेर 30 अंश, आर्द्रता 65 टक्के. या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 20 ग्रॅम वाफ आहे. ती झरोक्यातून आत शिरते. आत माती गार, वरचं घर एसीमुळे गार, त्यामुळे पोकळीत तापमान आहे 22 अंश. या तापमानाला हवेत मावते सुमारे 19 ग्रॅम वाफ. म्हणजे हवा जागच्या जागी संपृक्त होते आणि उरलेली वाफ गार पाइपांवर, एसीच्या डक्टवर आणि तुळयांवर पाणी होऊन बसते. झरोका ओल बाहेर नेण्याऐवजी आत आणतो. तुळया आणि सबफ्लोअर 16 ते 20 टक्के ओलाव्याकडे सरकतात. वरची फळी मात्र एसीच्या कोरड्या हवेत 9 टक्क्यांवर असते.

एकाच फळीचा तळ फुगतो आणि माथा तसाच राहतो, तेव्हा तिच्या कडा वर उचलल्या जातात. आख्खी जमीन पन्हळीसारखी दिसू लागते. इंग्रजीत याला कपिंग म्हणतात. अशा वेळी घाईने जमीन घासून सपाट करू नका. ओल जिरल्यावर फळ्या मूळ आकारावर येऊ पाहतात, आणि कडा तर तुम्ही घासून टाकलेल्या. मग मधला भाग उंच राहतो आणि दुखणं कायमचं होतं. आधी पाण्याचं मूळ शोधा, ओल वाळू द्या, मोजमाप घ्या, आणि मगच घासायचं की नाही ते ठरवा.

यावरचा उपाय म्हणजे बंद क्रॉल स्पेस. मातीवर जाड पॉलिथिन, त्याचे सांधे एकमेकांवर घेऊन चिकटवलेले, कडा भिंतीवर चढवलेल्या, झरोके बंद, भिंतींना इन्सुलेशन, आणि आतली हवा कोरडी ठेवायला डीह्युमिडिफायर किंवा घरातल्या एसीची थोडी हवा. नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रिन्सव्हिल गावी ‘अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेने एकाच वस्तीतल्या 12 घरांवर उघड्या आणि बंद क्रॉल स्पेसची तुलना केली होती. बंद पोकळ्या उन्हाळ्यात स्पष्टपणे कोरड्या राहिल्या आणि ऊर्जाही कमी लागली. तुम्ही दमट प्रदेशात क्रॉल स्पेसचं घर घेत असाल, तर किचनच्या ग्रॅनाइटपेक्षा या पर्यायावर पैसे खर्च करण्याचा विचार आधी करा.

स्लॅब: कोरडा दिसतो, कोरडा नसतो

टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना इथली बरीच घरं थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर असतात. काँक्रीटमध्ये सिमेंटशी रासायनिक संयोग व्हायला जेवढं पाणी लागतं, त्यापेक्षा बरंच जास्त पाणी ते नीट ओतता यावं म्हणून घातलेलं असतं. उरलेलं पाणी सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू वर येऊन उडून जावं लागतं. ढोबळ नियम असा की वाळायला दर इंचाला एक महिना. चार इंची स्लॅबला चार महिने, आणि तेही छप्पर चढून पाऊस थांबल्यापासून मोजायचे.

वरून हात लावला तर स्लॅब कोरडाच लागतो, कारण वरचा थर आधी वाळतो आणि पाणी खोलवर राहतं. त्यावर जमीन बसवली की बाष्पीभवनाची वाट बंद होते, आतलं पाणी पुन्हा सगळीकडे सारखं पसरतं आणि वरपर्यंत पोहोचतं. म्हणूनच मोजमाप पृष्ठभागावर न करता स्लॅबच्या आत करतात. एका बाजूने वाळणाऱ्या स्लॅबमध्ये जाडीच्या 40 टक्के खोलीपर्यंत भोक पाडून तिथे आर्द्रतेचा प्रोब ठेवतात. या चाचणीचं नाव एएसटीएम एफ 2170. आलेला आकडा फळीच्या आणि गोंदाच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून दुसऱ्या दिवशी खाली थेंब आहेत का बघणं, ही घरगुती युक्ती फार तर धोक्याची सूचना देते. थेंब दिसले नाहीत, म्हणून स्लॅब कोरडा आहे असं सिद्ध होत नाही.

स्लॅबच्या खाली, खडीच्या थरावर पॉलिथिनचा सलग पडदा असायला हवा. तो नसेल किंवा फाटला असेल तर मातीतली ओल कायम वर येत राहते, आणि असा स्लॅब कितीही थांबलात तरी पुरता वाळत नाही. स्लॅब ओतायच्या दिवशी साइटवर जाऊन या पडद्याचे फोटो काढून ठेवा. पुन्हा तो कधीच दिसणार नाही.

स्लॅबवर पाऊण इंची भरीव फळी थेट खिळ्यांनी बसवता येत नाही. तिथे इंजिनिअर्ड वुड सोयीचं पडतं. त्यात वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा आणि खाली एकमेकांना आडवे चिकटवलेले थर असतात. प्रत्येक थर शेजारच्याला हलू देत नाही, त्यामुळे फळी रुंदीत कमी फुगते. ती गोंदाने चिकटवता येते, नाहीतर पॅडवर तरंगती ठेवता येते.

प्लॅस्टिक नेमकं कुठे?

“ओल नको ना? मग प्लॅस्टिक अंथरा.” हा सल्ला एका ठिकाणी बरोबर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी घातक. काँक्रीटवर तरंगती जमीन असेल तर पॉलिथिन योग्य, कारण काँक्रीट कुजत नाही. पण लाकडी सबफ्लोअरवर पूर्ण बाष्परोधक प्लॅस्टिक टाकलं, तर खालून आलेली वाफ प्लॅस्टिकखाली अडते आणि सबफ्लोअरच ओला राहतो. वर सांडलेलं पाणी फटीतून खाली गेलं तर तेही वाळायची वाट शोधत बसतं.

म्हणून खिळ्यांनी बसवायच्या भरीव फळीखाली डांबरी कागद, म्हणजे 15 नंबरचं फेल्ट, किंवा त्यासारखा वाफ हळूहळू जाऊ देणारा कागद घालतात. तो वाफेचा वेग कमी करतो, वाट मात्र पूर्ण बंद करत नाही. सूत्र सोपं आहे: पाण्याचा उगम जिथे, तिथे पक्का अडथळा. म्हणजे मातीवर आणि काँक्रीटखाली. लाकडाच्या थरांमध्ये मात्र वाळायला एक बाजू मोकळी ठेवायची. दोन प्लॅस्टिकच्या मध्ये लाकूड सापडलं, तर ते सुटका नसलेल्या ओलीत सापडलं असं समजा.

तसंच, खिळ्यांच्या जमिनीखाली मऊ फोमचा पॅड घालू नका. प्रत्येक पावलाला फळी दबते, खिळा त्याच्या भोकात वरखाली होतो आणि काही महिन्यांत सैल पडतो. तरंगत्या जमिनीलाही कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड पॅड चालत नाही, कारण फळ्यांचे एकमेकांत अडकणारे ओठ वाकून तुटतात. फळीला आधीच पॅड चिकटवलेला असेल तर खाली दुसरा घालू नये, हेही त्याच कारणाने.

कुरकुर आणि धपधप

कुरकुर म्हणजे घर्षण. सबफ्लोअर तुळईवरून किंचित उचललेला असला की पाऊल पडताच खिळा आणि लाकूड एकमेकांवर घासतात. क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या लाकडी जमिनी पाऊल पडताच पाखरासारख्या चिवचिवतात. आवाजाचं कारण तेच, तुळईपाशी खिळ्यांवर घासणारं लोखंड. पर्यटक म्हणून ते ऐकायला मजा येते, पण मध्यरात्री झोपलेल्या बाळाच्या खोलीतून बाहेर पडताना नाही. उपाय बांधकामाच्या वेळीच करायचा असतो: तुळईवर गोंद लावून सबफ्लोअर स्क्रूने घट्ट आवळणे. नंतर कार्पेट काढून स्क्रू मारण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

घराचा सांगाडा उभा राहताना सबफ्लोअर आठवडेच्या आठवडे पावसात भिजतो. ओएसबीच्या तक्त्यांच्या कडा पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ण बसत नाहीत. त्या घासून घ्याव्या लागतात. सपाटीचा नेहमीचा निकष म्हणजे 10 फुटांत 3/16 इंच, किंवा 6 फुटांत 1/8 इंच यापेक्षा जास्त चढउतार नको. ओलाव्याचा निकष असा: फळी तीन इंच किंवा त्याहून रुंद असेल तर फळी आणि सबफ्लोअर यांच्या ओलाव्यात 2 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, अरुंद पट्टीला 4 टक्के चालतो. “फळ्या तीन दिवस घरात ठेवल्या होत्या,” हे उत्तर पुरेसं नाही. एसी किंवा हीटिंग सुरू नसेल तर फळ्या साइटवरच्या ओल्या हवेशीच जुळवून घेतात. दिवस मोजू नका, मीटर लावून ओलावा मोजा.

धपधपीचं शास्त्र वेगळं आहे. टाउनहाउस किंवा काँडोत वर मुलगी कथ्थकचा रियाज करत असेल आणि खाली शेजारी राहत असतील, तर हा प्रश्न शेजारधर्माचा होतो. अमेरिकी बांधकाम नियमावलीत दोन घरांमधल्या जमिनीला आघाताच्या आवाजासाठी आयआयसी 50 हा किमान आकडा मागितलेला आहे. पॅडच्या खोक्यावर 70 लिहिलेलं दिसलं की आपण खूश होतो. पण आयआयसी हे एकट्या पॅडचं माप नसतं, ते पॅड, स्लॅब आणि खालचं छत अशा सगळ्या रचनेचं माप असतं. जाड काँक्रीट आणि खाली टांगलेलं छत घेऊन काढलेला 70 तुमच्या लाकडी तुळयांच्या घरात मिळणार नाही. पॅडची स्वतःची भर किती, हे बघायला डेल्टा आयआयसी विचारा. आणि लक्षात ठेवा, पॅड चपलांची टकटक कमी करतो, पण टाचांची खोल धपधप कमी करायला वजनदार थर आणि खालचं छत तुळयांपासून सुटं टांगणं, हेच लागू पडतं. म्हणजे तेही छत बंद होण्यापूर्वीच.

जमिनीखालून हीटिंग घेणार असाल तर एक वेगळी सूचना. तिथे पॅड उष्णतेच्या वाटेत आडवा येतो, म्हणून तो पातळ आणि त्या कामासाठी बनवलेला हवा. लाकडाच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण 27 ते 29 अंशांवर जाऊ देऊ नये, आणि रुंद भरीव फळीपेक्षा इंजिनिअर्ड वुड घ्यावं.

बिल्डरला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न शक्यतो ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरं लेखी राहतात.

1. माझी जमीन कशावर आहे: स्लॅब, क्रॉल स्पेस, बेसमेंट की गॅरेज? प्रत्येक भागाचं उत्तर वेगळं असू शकतं.
2. क्रॉल स्पेस उघडी की बंद? बंद असेल तर आतली हवा कोरडी कशाने ठेवणार?
3. स्लॅबखाली पॉलिथिन किती जाडीचं? जमीन बसवण्यापूर्वी एफ 2170 चाचणी कोण करणार आणि अहवाल मला मिळेल का?
4. सबफ्लोअर प्लायवुडचा की ओएसबीचा? गोंद आणि स्क्रू दोन्ही वापरणार का?
5. फळी आणि सबफ्लोअरचा ओलावा मोजून नोंद ठेवणार का? एसी किंवा हीटिंग किती दिवस आधी सुरू करणार? निदान पाच दिवसांचा आग्रह धरा.
6. फळीखाली नेमका कोणता कागद किंवा पॅड घालणार, आणि फळीच्या कंपनीला तो चालतो का?
7. भिंतीलगत फुगायला किती जागा सोडणार? भरीव पाऊण इंची फळीला बहुधा तेवढीच, पाऊण इंच, जागा लागते. ती बेसबोर्डखाली झाकली जाते.
8. तरंगती जमीन असेल तर किचनचं आयलंड तिच्यावर ठेवणार नाही ना? जड कपाटाने एका जागी दाबून धरलेली जमीन हलू शकत नाही आणि दुसरीकडे उचलली जाते.

यातल्या बहुतेक उत्तरांना जास्तीचे पैसे लागत नाहीत, लागते ती योग्य वेळ. ड्रायवॉल लागण्यापूर्वीची पाहणी ही त्यातली सर्वांत मोलाची. त्या दिवशी तुळया, इन्सुलेशन, सबफ्लोअरचा तळ सगळं उघडं असतं. पाहणीला टॉर्च आणि लाकडाचा ओलावा मोजणारा मीटर घेऊन जा. मीटर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. ओएसबीवर त्याचा आकडा थोडा फसवा असतो, पण एका कोपऱ्यात 10 आणि दुसऱ्या कोपऱ्यात 19 दिसले तर काहीतरी गडबड आहे हे नक्की कळतं.

राहायला गेल्यावर एक काम मात्र तुमचंच. घरात एक साधा आर्द्रतामापक ठेवा आणि वर्षभर हवा 35 ते 55 टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघा. हिवाळ्यात ह्युमिडिफायर, पावसाळी दिवसांत डीह्युमिडिफायर. तरीही जानेवारीत बारीक फटी दिसतील. त्यात लाकडाची भुकटी भरायला जाऊ नका. मे-जूनपर्यंत थांबा, फळ्या पुन्हा खेटून बसतील. बसल्या नाहीत, किंवा उन्हाळ्यात कडा उचललेल्या दिसल्या, तर तारीख घालून फोटो काढा आणि वॉरंटीचं पहिलं वर्ष संपायच्या आत बिल्डरला लेखी कळवा.